बोट लागणाऱ्यांसाठी क्रूझवरची केबिन: चौथा डेक, जहाजाचा मध्य

क्रूझ कंपन्या केबिन विकतात त्या दर्जाप्रमाणे. आतली केबिन, खिडकीची केबिन, बाल्कनीची केबिन आणि सर्वांत वर सूट, अशी ती चढती भाजणी असते. ज्याला बोट लागते त्याच्या दृष्टीने मात्र केबिनच्या दर्जापेक्षा तिचे जहाजावरील ठिकाण कितीतरी महत्त्वाचे असते, आणि नेमकी तीच माहिती जाहिरातीत कुठे आढळत नाही. हे परीक्षण अशा एका केबिनचे आहे, जी आम्ही केवळ तिच्या ठिकाणासाठी घेतली. सुमारे ३०० मीटर लांबीच्या जहाजावर, चौथ्या डेकवर, जहाजाच्या जवळजवळ मध्यावर असलेली ही न उघडणाऱ्या खिडकीची केबिन आहे. माझ्या आईला मोटारीचे वळणही सोसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी जागा निवडताना डेकचा नकाशा समोर ठेवून आणि केबिनचा क्रमांक सांगूनच आम्ही आरक्षण केले होते. त्याच जहाजावर माझा दादा आणि वहिनी अकराव्या डेकवर, पुढच्या टोकाजवळच्या बाल्कनीच्या केबिनमध्ये होते. त्यामुळे एकाच समुद्रात, एकाच रात्री दोन्ही ठिकाणांचा अनुभव घेता आला.

आधी केबिनविषयी. खोली लहान आहे. दोन पलंग जोडून ठेवलेले, पायथ्याशी एक अरुंद सोफा, भिंतीत बसवलेले कपाट आणि एका माणसाला जेमतेम वळता येईल असे न्हाणीघर. खिडकी मोठी आणि स्वच्छ होती. पाणी इतके जवळ दिसते की जहाजाने कापलेल्या लाटेचा फेस काचेच्या खालून सरकताना स्पष्ट पाहता येतो. यंत्रांची अखंड घरघर अंथरुणाला पाठ टेकली की जाणवते, परंतु पहिल्या रात्रीनंतर तिच्याकडे लक्ष जात नाही. खरा त्रास बंदराच्या दिवशी होतो. जहाजातून उतरण्याची शिडी याच डेकवरून लावली जात असल्याने पहाटेपासून बाहेरच्या मार्गिकेत सामान ओढण्याचे, दारे आपटण्याचे आणि कर्मचाऱ्यांच्या हाकांचे आवाज सुरू होतात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी या डेकवरची केबिन घेताना शिडीच्या दारापासून थोडे अंतर राखावे. स्वच्छता आणि सेवा यांबाबत तक्रारीला जागा नाही. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा कर्मचारी आईची प्रकृती ओळखून न सांगता तिच्या उशाशी जास्तीच्या कागदी पिशव्या ठेवून जात असे.

आता मूळ मुद्दा. जहाज समुद्रावर अनेक प्रकारे हलते, पण प्रवाशाच्या पोटाशी संबंध येतो तो मुख्यतः तीन हालचालींचा. पहिली म्हणजे डाव्या-उजव्या कुशीवर डोलणे, दुसरी म्हणजे नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर आणि पिछाडी खाली, मग पिछाडी वर आणि नाळ खाली, असे हेलकावे खाणे, आणि तिसरी म्हणजे संपूर्ण जहाजाने एकदम वर उचलले जाणे व खाली बसणे. दुसऱ्या हालचालीत जहाज सी-सॉच्या फळीसारखे वागते: टोकाला बसलेला सर्वांत जास्त वरखाली होतो आणि मधल्या आधारापाशी बसलेला जवळजवळ जागच्या जागी राहतो. हा आधाराचा बिंदू बहुतेक जहाजांत लांबीच्या मध्यापाशी, किंवा किंचित पिछाडीकडे असतो. यावरून एक साधा हिशेब मांडता येतो. जहाज केवळ एक अंशाने कलले, तर मध्यापासून १२० मीटर अंतरावर असलेली दादाची केबिन सुमारे २.१ मीटर वर जाते, आणि उलट दिशेला कलताना तेवढीच खाली येते. म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात चार मीटरहून अधिक चढउतार होतो. मध्यापासून १५ मीटरवर असलेल्या आमच्या केबिनच्या वाट्याला तोच कल जेमतेम २६ सेंटिमीटर येतो. अंश तोच, लाट तीच, जहाजही तेच; फरक आहे तो अंतराचा.

उंचीचाही असाच परिणाम होतो, पण तो कुशीवरच्या डोलण्यात. जहाज दोन अंशांनी डोलले, तर डोलण्याच्या अक्षापासून २५ मीटर उंचीवरची केबिन सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला फेकली जाते, तर पाण्याच्या पातळीजवळच्या केबिनला हे फारसे जाणवत नाही. मात्र माझ्या मते या दोहोंत पुढे-मागे असण्याचा भाग उंचीपेक्षा जास्त निर्णायक आहे, आणि त्याचे कारण माणसाच्या कानात आहे. आंतरकर्णातील संवेदक शरीराची हालचाल मेंदूला कळवतात आणि डोळे त्यांच्या परीने वेगळे काही कळवतात. हे दोन्ही जुळले नाहीत की मळमळ सुरू होते, अशी या विकाराची सर्वाधिक मान्य उपपत्ती आहे. आंतरकर्ण निकामी असलेल्यांना बोट लागत नाही, हे निरीक्षण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली मूकबधिर व्यक्तींच्या अभ्यासातून मांडले होते. पुढे १९७४ साली ओहॅनलन आणि मॅककॉली या संशोधकांनी स्वयंसेवकांना एका बंद कक्षात बसवून तो कक्ष वेगवेगळ्या गतीने वरखाली हलवला, तेव्हा साधारण पाच ते सहा सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारी उभी हालचाल सर्वांत जास्त उलट्या घडवते, असे दिसून आले. त्याहून बरीच जलद किंवा बरीच संथ हालचाल तितकी बाधत नाही. मोठे क्रूझ जहाज कुशीवर डोलते ते संथपणे. एका डोलण्याला पंधरा-वीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. हेलकावे आणि उभी उचल मात्र बाधणाऱ्या गतीच्या अधिक जवळ येतात, आणि हेलकाव्यांपासून दूर राहण्याचा प्रवाशाच्या हातातला एकमेव मार्ग म्हणजे जहाजाचा मध्य.

येथे स्टॅबिलायझरचा विषय काढणे भाग आहे, कारण आरक्षणाच्या वेळी दादाला जे आश्वासन मिळाले ते त्याच्याच आधारावर. ‘आमच्या जहाजावर अत्याधुनिक स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवणार नाही, कोणतीही केबिन घ्या,’ असे कंपनीच्या प्रतिनिधीने त्याला फोनवर सांगितले होते. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याखाली बाहेर काढलेले पंख. जहाज पुढे जात असताना त्यांचे कोन सतत बदलत राहतात आणि त्यातून निर्माण होणारा पाण्याचा दाब कुशीवरचे डोलणे मोठ्या प्रमाणात कमी करतो. यंत्रणा उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु हे पंख जहाजाच्या मध्यभागाजवळ असतात, आणि शेकडो मीटर लांबीच्या जहाजाची नाळ वरखाली होणे थांबवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. शिवाय वेग कमी झाला की त्यांचा प्रभावही ओसरतो. म्हणजे जी हालचाल पुढच्या केबिनमधल्या माणसाला सर्वाधिक त्रास देते, तिच्यावर या यंत्रणेचा जवळजवळ काहीच इलाज चालत नाही. हे ग्राहकाला सांगितले जात नाही, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे.

या सगळ्याची कसोटी लागली ती एका अशा दिवशी, ज्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. त्याआधी एके दिवशी वारा चांगलाच सुटला होता, समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस उसळत होता, आणि तरीही जहाज एखाद्या इमारतीसारखे स्थिर चालले होते. याचे कारण लाटेच्या लांबीत आहे. खोल समुद्रात दोन लाटांमधील वेळ आठ सेकंदांचा असेल, तर लाटेची लांबी सुमारे १०० मीटर भरते. ३०० मीटर लांबीचे जहाज अशा तीन लाटांवर एकाच वेळी विसावलेले असते आणि त्यांचा परिणाम परस्परांना खोडून काढतो. परंतु वेळ चौदा सेकंदांवर गेला की लाट सुमारे ३०० मीटर लांब होते, म्हणजे अगदी जहाजाएवढी, आणि मग नाळ कधी लाटेच्या माथ्यावर तर कधी दोन लाटांमधील खळग्यात असते. दूर कुठेतरी झालेल्या वादळातून निघालेल्या अशा लांब, गुळगुळीत लाटा शांत हवेतही येऊन पोहोचतात. त्यातून जहाज त्यांना समोरून सामोरे जात असेल, तर त्याच्या वेगामुळे त्या लवकर लवकर भेटतात. २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, वेगाने जाणाऱ्या जहाजाला चौदा सेकंदांची लाट साधारण साडेनऊ सेकंदांतच येऊन धडकते. हालचाल बाधणाऱ्या गतीच्या दिशेने सरकते ती अशी. कप्तान अशा वेळी वेग कमी करतो किंवा दिशा किंचित बदलतो, त्यामागे हाही एक विचार असतो.

त्या संध्याकाळी कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली, वरच्या डेकवरच्या पोहण्याच्या तलावावर जाळी पसरली गेली आणि लिफ्टच्या शेजारच्या कठड्यांत उलटीच्या कागदी पिशव्या खोचून ठेवल्या गेल्या. आमच्या केबिनमध्ये टेबलावरच्या पेल्यातील पाणी एका कडेने थोडे चढत होते, पुन्हा उतरत होते, आणि कपाटातील रिकामे हँगर मधूनच एकमेकांना लागून किणकिणत होते. याहून अधिक काही घडले नाही. आई पाठीवर पडून, डोळे मिटून शांत होती. जेवण तिला गेले नाही, पण उलटी झाली नाही. मग मी दादाकडे गेलो. जिन्याने पुढच्या बाजूला वर चढत असताना दर मजल्यागणिक फरक कळत होता; एका क्षणी पायरी पायाखालून नाहीशी होत होती, तर दुसऱ्या क्षणी गुडघ्यांवर दुप्पट भार येत होता. त्यांच्या केबिनमधला पडदा भिंतीपासून वीतभर सुटून लोंबत राही, मग सावकाश भिंतीला टेके. नाळ लाटेवर आदळली की सगळी खोली थरथरत असे आणि त्या धक्क्याने न्हाणीघराच्या फळीवरच्या बाटल्या खाली पडत होत्या. वहिनी न्हाणीघराच्या उंबऱ्याशीच बसून होत्या. ‘भाऊजी, आईंना इकडे आणू नका हं,’ एवढेच त्या बोलू शकल्या. बाल्कनीचे दार सुरक्षेसाठी बंद ठेवण्याची सूचना होती, त्यामुळे ज्या मोकळ्या हवेसाठी एवढे पैसे मोजले ती हवाही त्यांना मिळाली नाही.

मी स्वागतकक्षात जाऊन केबिन बदलून मागितली. जहाज पूर्ण भरलेले होते, तेव्हा नकार मिळाला. तो समजण्यासारखा आहे. तेथील तरुणीने मळमळीवरच्या गोळ्या लगेच दिल्या आणि वहिनींना मधल्या भागातील खालच्या डेकवरच्या बैठकीत रात्र काढण्याची मुभा मिळवून दिली, याबद्दल मी आभारी आहे. वहिनी तेथील सोफ्यावर आडव्या झाल्या आणि तासाभरात त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. हा फरक केवळ गोळीचा नव्हता, असे माझे मत आहे, कारण तीच गोळी त्यांनी दुपारी वर असतानाही घेतली होती. दादाची केबिन इतकी पुढे आली कशी, याचे उत्तरही नंतर मिळाले. त्याने ‘गॅरंटी’ प्रकारचे आरक्षण केले होते. यात बाल्कनीच्या केबिनची हमी मिळते, पण ती कुठली हे कंपनी आपल्या सोयीने, प्रस्थानाच्या थोडे आधी ठरवते. भाडे कमी असते, आणि इतर प्रवाशांनी न निवडलेल्या टोकाच्या केबिन अशा आरक्षणांच्या वाट्याला येण्याची शक्यता अधिक असते. ज्यांना काहीच बाधत नाही त्यांनी हा सौदा खुशाल करावा. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी तो किफायतशीर नाही, आणि प्रवाशाला हा त्रास आहे का, एवढा एक प्रश्न आरक्षण घेणाऱ्याने विचारायला हवा होता.

खिडकी हवी की नको, यावर बरीच चर्चा होते, म्हणून त्याविषयी थोडे. आतली, बिनखिडकीची केबिन ठिकाणाच्या दृष्टीने चांगली असू शकते, कारण ती रुंदीच्याही मध्याजवळ असते. झोपेपुरता तिचा उपयोग उत्तम आहे. डोळे मिटले की विसंगतीचा प्रश्नच उरत नाही, आणि उताणे पडल्याने मळमळ कमी होते. पण जागेपणी, चार स्थिर भिंतींकडे पाहत असताना कान हालचाल सांगत राहतात आणि डोळे ती नाकारत राहतात. क्षितिजाची स्थिर रेषा दिसली की हा गोंधळ बराच निवळतो. म्हणून मध्यावरची, खालची आणि खिडकीची केबिन मला तिन्ही बाजूंनी योग्य वाटली. एक मर्यादा आहे: बऱ्याच जहाजांवर सर्वांत खालच्या गोल खिडक्यांवर खराब हवामानात धातूची झाकणे लावली जातात, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच बाहेरचे दिसेनासे होते. त्यामुळे अगदी तळाच्या डेकपेक्षा त्याच्या एक-दोन मजले वरची केबिन घ्यावी. पिछाडीच्या केबिन नाळेपेक्षा सौम्य असतात असे सांगितले जाते, त्यात तथ्य आहे. पण तेथे हेलकाव्यांबरोबर जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची थरथरही सोसावी लागते. जहाज बांधणारे स्वतः काय करतात हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर रुग्णालय खालच्या डेकवर आणि टोकांपासून दूर असते.

मध्यावरची केबिन सर्व काही टाळू शकते, असा दावा मी करणार नाही. तिसरी हालचाल, म्हणजे संपूर्ण जहाजाचे एकदम उचलले जाणे, प्रत्येक केबिनला सारखेच भोगावे लागते, आणि आईला त्या रात्री जे काही जाणवले ते त्याचेच. शिवाय माणूस चोवीस तास केबिनमध्ये राहत नाही. या जहाजाचे नाट्यगृह अगदी पुढच्या टोकाला आहे आणि मोठे भोजनगृह पिछाडीला, त्यामुळे केबिनमध्ये जपलेले पोट जेवणाच्या टेबलावर बिघडण्याची शक्यता राहते. आम्ही त्या दिवसापासून भोजनगृहात दाराजवळचे, म्हणजे जहाजाच्या मध्याकडचे टेबल मागून घेतले, आणि तेथील मुख्य वाढप्याने ते विनातक्रार दिले.

औषधांचा उल्लेख ओघाने येतो तेवढाच करतो. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतल्या तर उपयोगी पडतात. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. त्यांनी सुस्ती येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते आणि तिचा परिणाम तीन दिवसांपर्यंत राहतो, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांना ती अपायकारक ठरू शकते, आणि वयस्कर माणसांत तिने गोंधळलेपणही येऊ शकते. आईच्या डॉक्टरांनी याच कारणाने पट्टीला नकार दिला होता, आणि म्हणूनच केबिनच्या ठिकाणावर आम्हाला इतका भर द्यावा लागला.

गुणांकन करायचे तर बोट लागणाऱ्या प्रवाशासाठी या केबिनला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण कापला तो शिडीच्या गोंगाटासाठी. दादाच्या केबिनला, तिची बाल्कनी आणि सजावट कितीही देखणी असली तरी, याच निकषावर एकाहून अधिक देता येणार नाही. कंपनीच्या सेवेला जहाजावर चार आणि आरक्षणाच्या टेबलावर दोन.

आरक्षण करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी केबिनचा क्रमांक लेखी मागून घ्यावा, दर्जा बदलून ‘वरची’ केबिन विनामूल्य देऊ केली तरी तिचे ठिकाण पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, आणि आपल्या संमतीशिवाय केबिन बदलू नये अशी नोंद आरक्षणात करून घ्यावी. बहुतेक जहाजांवर क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे डेक दाखवतात आणि पुढचे आकडे नाळेकडून पिछाडीकडे वाढत जातात. त्यामुळे डेकचा नकाशा उघडून त्या डेकवरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा क्रमांक पाहिला, की आपली केबिन मध्यापासून किती दूर आहे याचा अंदाज येतो. नकाशात लिफ्टचे मधले चौक दिसतात. केबिन त्यांच्या आसपास, पण अगदी समोर नको, आणि तिच्या वर नाचघर व खाली स्वयंपाकघर नाही ना, हे वरच्या व खालच्या डेकचे नकाशे शेजारी ठेवून पाहावे. कंपनीला मी लेखी कळवले आहे की केबिनच्या यादीत दर्जा आणि क्षेत्रफळ यांच्या जोडीला जहाजाच्या मध्यापासूनचे अंतर मीटरमध्ये छापावे. त्यांच्याकडे जहाजाचे आराखडे आहेत, तेव्हा ही माहिती देण्यात कोणतीही अडचण नसावी.